लेनचा अलर्ट सारखा वाजतो: बंद करू की चालू ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवीन गाडी घेऊन काही महिने झाले. पुण्याहून नागपूरला अधूनमधून जाणं होतं. संभाजीनगरपर्यंत लेनचा अलर्ट, म्हणजे इंडिकेटर न देता गाडी लेनच्या पट्ट्याकडे सरकली की मिळणारा इशारा, इतका वाजतो की घरचे वैतागतात, समृद्धीला लागलं की तो जवळजवळ गप्प होतो. मध्यंतरी खडी उडून पुढची काच तडकली, ती बाहेरून बदलून घेतली. तेव्हापासून डावीकडे उगाचच वाजतं आणि उजवीकडे पट्ट्यावर चाक गेलं तरी शांतता. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, आपल्या रस्त्यांवर हे बंदच ठेवा." शिवाय वडिलांच्या जुन्या गाडीत असं काही बाहेरून बसवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं चाकण पट्ट्यात याच कामात आहे, म्हणजे गाडीतल्या या यंत्रणांची रस्त्यावर चाचणी आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा कॅमेरा गाडीशी अचूक जुळवून देणं. आधी उत्तर देतो, मग कारणं. दुभाजक असलेल्या महामार्गावर अलर्ट चालू ठेवा. स्टिअरिंग आपणहून वळवणारा जो भाग आहे तो दुपदरी रस्त्यावर आणि गावातून जाताना बंद ठेवा. आणि तुमच्या गाडीत आज जी परिस्थिती आहे, काच बदललेली पण कॅलिब्रेशन झालेलं नाही, त्यात ते होईपर्यंत दोन्ही बंद ठेवा. एका बाजूला खोटं बोलणारा आणि दुसऱ्या बाजूला मुका असलेला अलर्ट हा अलर्ट नसण्यापेक्षा वाईट.

आता हे चालतं कसं. आतल्या आरशामागे काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. तो पुढच्या रस्त्याच्या चित्रात पांढरे-पिवळे पट्टे शोधतो. कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे, किती झुकलेला आहे, गाडीच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे, हे संगणकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यावरून डावा पट्टा डाव्या चाकापासून किती लांब आहे आणि ते अंतर किती वेगाने कमी होतंय, हे तो सतत मोजतो. अंतराला त्या वेगाने भागलं की पट्टा ओलांडायला किती वेळ उरलाय ते कळतं. तो वेळ ठरावीक मर्यादेखाली गेला, इंडिकेटर दिलेला नाही, आणि गाडी ताशी साधारण ६० किलोमीटरच्या वर आहे, की इशारा. वेगाची ही मर्यादा गाडीगणिक थोडी बदलते. म्हणून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला तो ऐकू येत नाही.

उरलेला वेळ किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. लेन ३.७५ मीटर रुंद आणि गाडी १.८ मीटर रुंद धरा. अगदी मधोमध चालत असाल तर दोन्ही बाजूंना ९७-९८ सेंटिमीटर मोकळे. वेग ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. आता गाडी रस्त्याच्या दिशेशी फक्त एक अंशाने तिरपी झाली, जी डोळ्यांना जाणवतही नाही, तर ती सेकंदाला ४८ सेंटिमीटर बाजूला सरकते. दोन सेकंदांत पट्टा. ताशी १२० ला १.७ सेकंद. ट्रॅव्हल्सची बस २.६ मीटर रुंद असते, तिला ताशी ८० लाही दीड सेकंदच मिळतो. डुलकी तीन-चार सेकंदांची असते. त्या हिशोबात बसवून पाहा.

डावीकडे सरकलात तर पुढे तीनएक मीटरचा पक्का शोल्डर, म्हणजे लेनबाहेरची कडेची पट्टी, असतो, म्हणजे आणखी पाच-सहा सेकंद पदरात. तिथे ट्रक उभा नसला तर. उजव्या लेनमध्ये असताना उजवीकडे सरकलात तर लगेच दुभाजक. लांबच्या प्रवासात मधली लेन धरा असं मी सगळ्यांना सांगतो ते याच हिशोबाने.

तुम्ही म्हणता समृद्धीवर तो गप्प असतो, म्हणजे तिथे त्याचा उपयोग नाही. मी नेमकं उलटं म्हणेन. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, लांबच लांब सरळ, ना सिग्नल, ना चौक, ना टपरी. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात आणि मन कुठेच नसतं. याला हायवे हिप्नोसिस म्हणतात आणि समृद्धी सुरू झाल्यापासून तो शब्द आपल्या पेपरांतही रुळला. तिथे अलर्ट दोनशे किलोमीटरमध्ये एकदा वाजला तरी ते एकदा वाजणं खरं असतं. जेवण करून दुपारी दोन ते चार, आणि पहाटे तीन ते पाच या वेळांत शरीर आपोआप मंदावतं. त्या वेळेत सरळ रस्त्यावर, रिकाम्या लेनमध्ये, काहीही कारण नसताना तो वाजला तर मी त्याला यंत्राची कुरकुर समजत नाही. पहिल्यांदा वाजला की एसीचा झोत तोंडावर घ्या, शेजारच्याशी बोला. अर्ध्या तासात पुन्हा वाजला की पुढच्या विश्रांतीच्या जागी गाडी आत घ्या आणि वीस मिनिटं सीट मागे करून खरोखर झोपा. चहा पिऊन लगेच निघणं म्हणजे झोप थोडी पुढे ढकलणं, कारण कॅफीनला अंगात भिनायला अर्धा तास लागतो. बऱ्याच गाड्या हे पट्ट्यावर सरकणं आणि स्टिअरिंगचे झटके मोजून मीटरमध्ये कॉफीच्या कपाचं चित्र दाखवतात. त्या कपाला हसू नका.

मग अहिल्यानगर मार्गे संभाजीनगरपर्यंत का वाजतो? दुचाकी उलट्या बाजूने येते, तुम्ही थोडं उजवीकडे घेता. ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दीड लेन अडवून चाललेली असते, तुम्ही साईड काढता. खड्डा येतो, तुम्ही चुकवता. दर वेळी पट्टा ओलांडला जातो आणि इंडिकेटर दिलेला नसतो. यंत्राच्या दृष्टीने झोपलेला माणूस आणि खड्डा चुकवणारा माणूस सारखेच दिसतात. फरक सांगणारी एकच खूण त्याच्याकडे आहे, तुमचा इंडिकेटर. काही गाड्यांत स्टिअरिंग झटकन फिरवलं किंवा ब्रेक दाबला तर हे जाणूनबुजून केलंय असं मानून तो गप्प राहतो, पण हळुवार साईड काढताना ती युक्ती लागू पडत नाही.

त्यामुळे माझ्या अनुभवात यातल्या निम्म्याहून जास्त "खोट्या" आवाजांचं औषध डाव्या-उजव्या बोटाजवळच आहे. लेन बदलताना इंडिकेटर द्यायची सवय लागली की आवाज निम्मे होतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आता लेन कापल्याचं ई-चलन कॅमेऱ्याने येतं, तेव्हा ही सवय तशीही फुकट जाणार नाही. उरलेले आवाज खड्ड्यांचे आणि उलट्या दिशेने येणाऱ्यांचे. ते सहन करा किंवा त्या टप्प्यापुरता अलर्टचा आवाज कमी करा. सेटिंगमध्ये संवेदनशीलतेचे दोन-तीन टप्पे असतात. "लवकर" ऐवजी "उशिरा" निवडलं की पट्ट्याच्या जवळून गेल्यावर वाजत नाही, पट्ट्यावर चाक आल्यावर वाजतं. संभाजीनगरपर्यंत "उशिरा", तिथून पुढे "लवकर". मी स्वतः असंच करतो.

इथे एक घोळ मिटवतो, कारण शोरूममध्येही तो मिटलेला नसतो. एकच बटण, पण त्यामागे दोन-तीन वेगळी कामं असतात. पहिलं फक्त इशारा देतं. दुसरं, लेन कीप असिस्ट, पट्ट्याजवळ गेलात की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरने हलकेच आत वळवतं. तिसरं, लेन सेंटरिंग, सतत मधोमध ठेवत राहतं आणि बहुतेक वेळा क्रूझ कंट्रोलबरोबर चालतं. आपल्या रस्त्यावर त्रास होतो तो दुसऱ्याचा. दुपदरी रस्त्यावर सायकलवाल्याला जागा द्यायला तुम्ही उजवीकडे घेताय आणि गाडी तुम्हाला डावीकडे, म्हणजे सायकलच्याच अंगावर, परत ढकलतेय, हे ज्याने अनुभवलंय तो पुन्हा ते चालू करत नाही, आणि त्यात काही चूक नाही. त्याची ताकद फार नसते. संयुक्त राष्ट्रांच्या आर-७९ या स्टिअरिंगच्या नियमानुसार असं साहाय्य मोडून काढायला चालकाला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावावा लागता कामा नये, म्हणजे पाच किलोची पिशवी उचलण्याएवढा. घट्ट धरलेल्या स्टिअरिंगपुढे ते हरतं. पण दचकलेला माणूस घट्ट धरतोच असं नाही. म्हणून दुपदरी रस्त्यावर फक्त इशारा ठेवा, वळवणारं बंद. बहुतेक गाड्यांच्या मेनूत हे दोन पर्याय वेगळे निवडता येतात. मॅन्युअलमध्ये शोधा, शोरूमला विचारू नका.

आणि जे लोक एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग सोडून रील बनवतात त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आज बाजारात ज्या गाड्या लेव्हल टू, म्हणजे स्टिअरिंग आणि वेग दोन्हींत मदत करणाऱ्या, म्हणून विकल्या जातात त्यात चालक तुम्हीच असता, कायद्यानेही आणि अपघातानंतरही.

गाडीला पट्टे दिसतायत की नाही हे तुम्हाला मीटरमध्ये बघता येतं. लेनचं एक छोटं चित्र असतं, दोन रेघा. रेघा करड्या असतील तर कॅमेऱ्याला काही सापडलेलं नाही, पांढऱ्या किंवा हिरव्या झाल्या की सापडलं. रंग गाडीप्रमाणे बदलतो. एक रेघ पेटलेली आणि एक विझलेली असेल तर फक्त त्याच बाजूला पहारा आहे. हे चित्र बघायची सवय लावा. अलर्ट शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानणारे बरेच जण प्रत्यक्षात तासभर करड्या रेघांवर चालत असतात.

करड्या रेघा कुठे येतील याचा अंदाज अनुभवाने येतो. काँक्रीटचा रस्ता हा त्यातला अनपेक्षित प्रकार. लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे उत्तम रस्ता, मग कॅमेऱ्यालाही उत्तम दिसत असणार. पण फिकट काँक्रीटवर पांढरा रंग, आणि वर मे महिन्याचं दुपारचं ऊन, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. काळ्या डांबरावरचा तोच पट्टा लांबून उठून दिसतो. उलट काँक्रीटच्या स्लॅबांमधला उभा सांधा काळ्या मसाल्याने भरलेला असतो, तो लेनच्या दिशेनेच धावतो आणि एखाद्या जुन्या यंत्रणेला तो पट्ट्याची कड वाटू शकतो. पावसाळी रात्र ही दुसरी. ओल्या रस्त्यावर समोरच्या हेडलाइटचे लांब ओघळ पसरतात आणि पट्ट्यावरचं पाणी त्यातल्या काचमण्यांना झाकून टाकतं. थर्मोप्लास्टिक पट्ट्यात बारीक काचेचे मणी घातलेले असतात, रात्री प्रकाश परत फेकतात ते तेच. पाण्याखाली गेले की ते निकामी. खंडाळ्याचं धुकं, संध्याकाळी मुंबईच्या दिशेने जाताना समोरचा सूर्य, हेही त्यातच.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वळवलेल्या रस्त्याची. पुणे-सातारा-कोल्हापूर मार्गावर रुंदीकरणात किंवा मुंबई-गोव्याच्या अर्धवट टप्प्यांत जुने पट्टे पुसलेले नसतात आणि बॅरिकेड लावून वाहतूक तिरकी वळवलेली असते. कॅमेरा जुना पट्टा पाळायला बघतो, जो सरळ खोदकामाकडे जातो. तिथे सगळं बंद. घाटातही तीव्र वळणावर बहुतेक यंत्रणा आपणहून झोपतात, कारण वळण एका मर्यादेपेक्षा आवळलं की पुढचा पट्टा चित्राबाहेर जातो.

तुम्ही विचाराल, इतक्या अडचणी आहेत तर मुळात फायदा सिद्ध झालाय का. झालाय, पण जाहिरातीइतका नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २०१७ मध्ये पोलिसांकडच्या अपघातांच्या नोंदी तपासून सांगितलं की हा इशारा असलेल्या गाड्यांत एकट्या गाडीचे, बाजूने घासण्याचे आणि समोरासमोर धडकेचे अपघात ११ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यातले माणसं जखमी होणारे २१ टक्क्यांनी. समोरचं वाहन बघून आपणहून लागणाऱ्या ब्रेकचा फायदा याहून बराच मोठा निघतो. लेनचा फायदा कमी का? एक कारण त्याच संस्थेने शोधलं. सर्व्हिसला आलेल्या गाड्या तपासल्या तर लेनची यंत्रणा चालू असलेल्या गाड्या जेमतेम निम्म्या होत्या. बाकीच्यांनी वैतागून बंद केली होती. अमेरिकेत, जिथे पट्टे ठळक आहेत आणि लोक लेन पाळतात, तिथे ही अवस्था. लांडगा आला रे आला, म्हणून रोज ओरडणाऱ्याचं कोणीच ऐकत नाही. म्हणून मी वर आवाज कमी करा, संवेदनशीलता बदला असं सांगत बसलो. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा दोनच जागा ठेवल्या तर माणूस शेवटी बंदवरच जातो. दुसरं कारण शारीरिक. लेन सुटून झालेल्या अपघातांत बराच मोठा वाटा गाढ झोपलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या चालकांचा असतो. त्याला आवाज ऐकू आला तरी तो दीड सेकंदात काही करू शकत नाही.

आवाजाऐवजी स्टिअरिंगची किंवा सीटची थरथर मिळत असेल तर तीच निवडा. थरथर फक्त चालकाला कळते, मागे बसलेल्यांना नाही, त्यामुळे घरच्यांचा वैताग आपोआप मिटतो आणि बंद करायचं निमित्तही. आयआयएचएसलाही थरथरीच्या यंत्रणा आवाजाच्या यंत्रणांपेक्षा जास्त गाड्यांत चालू आढळल्या. कल्पना नवी नाही. २००४-०५ च्या सुमारास सित्रोएनने सी-फोर आणि सी-फाइव्ह गाड्यांत पुढच्या बंपरखाली इन्फ्रारेड सेन्सर बसवले होते. पट्टा त्यांच्याखाली आला की ज्या बाजूला गाडी सरकली त्याच बाजूला सीट थरथरायची. कॅमेरा नव्हता, त्यामुळे अंदाज नाही, थेट पट्ट्यावर आल्यावरच. पण दिशा सांगायची पद्धत इतकी सरळ की झोपेतून उठलेल्यालाही समजावी. ट्रकमध्ये त्याआधीच, २००० साली, मर्सिडीजच्या अ‍ॅक्ट्रोसवर युरोपात कॅमेऱ्याची यंत्रणा आली होती. पट्ट्यावरून जाड चाक गेल्यावर जसा घरघर आवाज येतो तसा आवाज ती त्या बाजूच्या स्पीकरमधून द्यायची.

आता काच. हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत तातडीचा भाग. तुमचं लक्षण, एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नाही, हे पुस्तकात छापावं इतकं नेमकं आहे. कॅमेऱ्याचं तोंड फिरलंय. कॅमेरा आडवा फक्त एक अंश फिरला तर २० मीटर पुढचा पट्टा ३५ सेंटिमीटर सरकलेला भासतो. वर हिशोब केला तेव्हा तुमच्याकडे एकूण मोकळी जागाच एका बाजूला ९७ सेंटिमीटर होती, त्यातले ३५ गेले. उघड्या डोळ्यांनी एक अंश कोणालाच दिसत नाही, काच बसवणाऱ्यालाही नाही. कॅमेऱ्याची चौकट काचेला चिकटवलेली असते, काच बदलली की चौकट बदलली, चिकटवण्याची जाडी बदलली. काही यंत्रणा चालता चालता स्वतःला थोडं सुधारून घेतात, पण त्यांनाही मर्यादा असते, आणि तुमच्या गाडीने इतक्या दिवसांत ते केलेलं नाही.

कॅलिब्रेशन दोन प्रकारे होतं आणि कोणतं लागेल हे गाडी बनवणारा ठरवतो. स्थिर प्रकारात गाडी सपाट जमिनीवर उभी करून तिच्या पुढे ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक लावतात. तो फलक गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात आहे की नाही हे लेसरने किंवा ओळंब्याने बघतात, मग स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने, कॅमेऱ्याला शिकवतात. चालत्या प्रकारात स्कॅनर जोडून, ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने काही किलोमीटर चालवतात. दोन्ही कामांआधी टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकीत सामान नको, आणि व्हील अलाइनमेंट झालेलं हवं. मागची चाकं वाकडी चालत असतील तर गाडी बोनेट जिकडे बघतंय तिकडे जात नाही, खेकड्यासारखी तिरकी जाते, आणि कॅमेरा त्या बोनेटशी जुळवलेला असतो. त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये तीन गोष्टी विचारा: काच याच मॉडेलच्या कॅमेऱ्यासाठीची आहे का, कॅलिब्रेशन आधी अलाइनमेंट करणार का, आणि स्कॅनरचा यशस्वी झाल्याचा रिपोर्ट छापून देणार का. तिसऱ्याला नकार मिळाला तर दुसरीकडे जा. विमा दावा केला असेल तर कॅलिब्रेशनचा खर्च काचेच्या बिलातच धरून मागा, वेगळं बिल नंतर दाखवलं की वाद होतो.

गाडी परत मिळाली की स्वतः तपासा. रस्ता मोकळा, दिवसाउजेड, मागे कोणी नाही, शेजारी एक माणूस मीटर बघायला. ताशी ७० च्या वर, रेघा पेटलेल्या असताना, मधल्या लेनमधून इंडिकेटर न देता अगदी सावकाश डाव्या लेनमध्ये जा आणि चाक कुठे असताना इशारा आला ते बघा. मग तसंच परत उजवीकडे. दोन्ही बाजूंचा फरक विटेएवढा असला तर ठीक, हातभर असला तर गाडी परत न्या. दुभाजकाकडे जाऊन ही परीक्षा घेऊ नका.

जाता जाता आपल्याकडचं एक खास कारण सांगतो. फास्टॅग काचेच्या आतून, वर, मधोमध, आरशामागे लावतात. बरोबर तिथेच कॅमेरा बघत असतो. नवीन काच बसवताना नवा फास्टॅग घाईघाईत चिकटवला जातो आणि त्याचा एक कोपरा कॅमेऱ्याच्या खिडकीत येतो. मग "कॅमेरा अवरोधित" असा संदेश येतो, किंवा संदेशही येत नाही आणि एका बाजूचा पट्टा अधूनमधून हरवत राहतो. कॅमेऱ्यापुढच्या काळ्या पट्टीत जी उघडी जागा असते ती बाहेरून बघा. तिथे फास्टॅग, वरच्या कडेची गडद फिल्म, आरशाला टांगलेला बाप्पा किंवा लिंबू-मिरची यातलं काही येत नाही ना? बाप्पाला डॅशबोर्डवर जागा द्या. वायपरची रबरं झिजली असतील तर तीही बदला, कारण ती नेमकी त्याच जागी तेलकट कमान सोडतात.

वडिलांच्या गाडीबद्दल. बाजारात डॅशकॅममध्ये लेन अलर्ट देतो असं लिहिलेलं असतं. बहुतेकांना गाडीच्या इंडिकेटरचा पत्ता नसतो, ते जीपीएसवरून वेग घेतात आणि प्रत्येक लेन बदलाला वाजतात. वडील दोन दिवसांत तो बंद करतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. बस-ट्रकसाठी जी बाहेरून बसवायची चांगली उपकरणं असतात ती इंडिकेटर आणि वेगाच्या तारांना जोडतात, तज्ज्ञाकडून जुळवून घ्यावी लागतात आणि महाग असतात. नागपूरमध्ये २०२१ पासून आयरास्ते प्रकल्पात शहर बसवर अशीच उपकरणं लावली गेली. महापालिका, सीएसआयआरची रस्ते संशोधन संस्था, इंटेल वगैरे त्यात होते. तिथे हेतू एका चालकाला सावध करण्यापुरता नव्हता. कोणत्या चौकात किती वेळा इशारे वाजतात हे जमवून धोकादायक जागा शोधणं हाही होता. ट्रक-बसच्या बाबतीत तर मी हे सक्तीचं व्हावं याच मताचा आहे. युरोपात नवीन अवजड गाड्यांना हा इशारा २०१५ पासून सक्तीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३० या लेन इशाऱ्याच्या नियमात चालकाने बटण दाबून तो बंद केला तरी पुढच्या वेळी किल्ली फिरवली की तो आपोआप चालू झालाच पाहिजे असं आहे. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही २०२५ मध्ये मोठ्या बस-ट्रकसाठी लेन इशारा, झोपेचा इशारा आणि स्वयंचलित ब्रेक यांचा मसुदा काढला. रात्री अकराला पुण्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला त्याची तुमच्या वडिलांपेक्षा कितीतरी जास्त गरज आहे.

वडील गावातच चालवतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ताशी ६० च्या वर ते फारसे जातच नाहीत. त्यांच्यासाठी लेन अलर्टवर खर्च करू नका. त्या पैशात मागचा कॅमेरा बसवा, पिवळे पडलेले हेडलाइट घासून घ्या आणि टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर बदला.